माळ्यावरची लोकर

आत-बाशी, सप्टेंबरची सुरुवात

पेरीच्या बाबांना,

शारकानचा सलाम. तुम्ही फोन उचलत नाही. नका उचलू. यापुढे मी पत्रच लिहीन. शेजारच्या उलकानअक्कांचा मुलगा तिलेक सुट्टी संपवून तुमच्या त्या शहराकडे परत निघालाय, त्याच्या हाती हे देते. पत्राचं एक बरं असतं, ते वाजत नाही. वाटलं तर उघडावं, नाही वाटलं तर उशाखाली सारून ठेवावं.

वर काय नाव घालावं यातच चहा गार झाला. पेरी झाल्यापासून मी तुम्हाला 'पेरीचे बाबा' अशीच हाक मारत आले. दुसरी कुठली हाक मला येत नाही. रागावू नका.

आबा आहेत. तुमचे वडील 'बरे आहेत' असं लिहिलं तर ते खोटं होईल, म्हणून 'आहेत' एवढंच लिहिते. ओढ्यावरून पाणी मी आणते, मेंढ्यांकडे ते बघतात. अंगण ओलांडलं की धाप लागते, मग कुंपणाला टेकून उभे राहतात आणि कुणी पाहिलं तर म्हणतात, "डोंगर बघतोय." पंचाहत्तर वर्षं तोच डोंगर बघतायत.

फेब्रुवारीत पेरी गेली आणि चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकून तुम्ही गेलात, तेव्हा बर्फ अजून वितळायचा होता. त्या उरलेल्या थंडीत मी चुलीची झडप एकदाही लावली नाही. निखारे लाल झाले, ज्योत विझली, की सगळं गाव धुराड्याची झडप लावतं, ऊब वर निघून जाऊ नये म्हणून. त्या रात्री तुम्हीही लावलीत, जशी रोज लावायचात. पण त्या रात्री धूर खोलीतच राहिला आणि आपली मुलगी उठली नाही. त्यानंतर माझा हात त्या झडपेला लागत नाही. उलट खिडकीच्या वरचा छोटा झरोकाही मी उघडाच ठेवला. कोळसा मार्चअखेर संपला. मग शेणी संपल्या. मग गोठ्यामागचं कुंपण जाळलं. तरी सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. आबा कोटावर कोट घालून बसून राहायचे, पण 'झडप लाव' असं एकदाही म्हणाले नाहीत. तेव्हा त्यांच्या छातीत जो कफ बसला तो उन्हाळाभर हलला नाही. दवाखान्यातली डॉक्टरीण मला बाहेर बोलावून म्हणाली, "असा आणखी एक हिवाळा म्हाताऱ्याला निघायचा नाही."

म्हणजे एक तर झडप लावायची, नाहीतर घर असं करायचं की झडप न लावताही ऊब टिकेल. पहिलं माझ्याच्यानं होणार नाही.

यंदाही लोकर घ्यायला व्यापारी फिरकला नाही. लोक मेंढ्या कातरतात आणि लोकर ओढ्याकाठी टाकून देतात, कुत्री त्यावर झोपतात. ती मी गोळा करते आहे. सोड्याच्या पाण्यात धुऊन कुंपणावर वाळत घालते. आबा पहिल्या दिवशी म्हणाले, "सुनबाई, आता माळ्यावर मेंढ्याच चढवायच्या राहिल्या." दुसऱ्या दिवशी मात्र स्टूल घेऊन शेजारी बसले आणि लोकर पिंजायला लागले. म्हणाले, "माझ्या आज्याचं सगळं घरच लोकरीच्या नमद्याचं होतं. तेवढ्या लोकरीत तो कधी गारठला नाही. विटांची घरं बांधली आणि आपण गारठलो."

उलकानअक्का येऊन बघून गेल्या. "शारकान, दोन माणसांसाठी एवढा खटाटोप? त्यातलं एक म्हातारं, दुसरं आज ना उद्या माहेरी जाणारं. परवडतं का हे?" मी म्हटलं, "थंडी काय डोकी मोजून पडते, अक्का?" त्या हसल्या, मी पण हसले. पण प्रश्न खोटा नव्हता. आबाही मला एकदा म्हणाले होते, "पोरी, तू मोकळी आहेस. माझं ओझं नको घेऊस." मी म्हटलं, मग पाणी कोण आणणार? हे उत्तर त्यांना पटलं असं त्यांनी दाखवलं.

तिलेक सांगत होता, तुम्ही तिथे उंच इमारतींना बाहेरून कसल्याशा कापसाचे जाड तक्ते लावता, लोकांच्या घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. ऐकून मी चहा ओतायची थांबले. मग विचार केला, बरंच आहे, विचारायला घरचंच माणूस आहे. तर एवढं सांगा: लोकर आधी कुठे घालू, भिंतींना की माळ्यावर? आणि किती जाड? बाकी काही लिहू नका.

शारकान


आत-बाशी, ऑक्टोबर

पेरीच्या बाबांना,

तुमचा कागद मिळाला. नारिनहून येणाऱ्या गाडीवाल्याने दारात आणून दिला. सिमेंटच्या गोणीचा फाडलेला तुकडा, त्यावर सुताराच्या पेन्सिलीने: 'आधी माळा. ऊब वर जाते. वीतभर जाड. दाबू नको, दाबली की निकामी. खाली खोलीच्या बाजूला प्लास्टिक घाल, वरून नको. वर वारा खेळू दे.'

सलाम नव्हता, माझं नाव नव्हतं, तुमचंही नव्हतं. अक्षर तुमचं होतं.

आबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "परत वाच." परत वाचला. 'दाबू नको' इथे त्यांनी डोळे पुसले. लोकरीबद्दल ऐकून कुणी रडल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लहानपणापासून असाच. बोलेल तर कामाचं बोलेल."

मी सांगितल्यासारखं केलं. आधी माळा झाडून काढला. जुनी माती, उंदरांची घरटी, तुमच्या आईची फुटकी सुरई. पेरीची घसरगाडीही तिथेच होती. तिचं काय केलं ते लिहीत नाही. प्लास्टिक अंथरलं, सांध्यांवर पट्ट्या मारल्या, फळ्यांच्या मधे लोकर पसरली. पोत्यामागून पोतं वर नेत होते आणि आबा खालून ओरडत होते, "दाबू नकोस गं! तो म्हणालाय दाबू नकोस!" जणू मी बहिरी. चार दिवस माझ्या केसांना मेंढीचा वास होता. दुकानात गेले तर पोरी नाक धरून हसल्या.

सध्या बसायच्या खोलीवरच घातली आहे. मागच्या खोलीवर अजून नाही, तेवढी लोकर धुऊन झाली नाही. उलकानअक्का म्हणतात, "घराला अर्धीच टोपी घातलीस? म्हणजे एक कान तेवढा गार पडणार." त्यांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते लोकरीला कसर लागेल आणि वसंतात माळ्यावरून पाखरं उडतील. म्हणून मी मिठाचं आणि सोड्याचं पाणी दोनदा दिलंय. तुम्हाला यातलं काही कळत असेल तर लिहा.

आणि भिंतींचं काय? उत्तरेची भिंत हात लावला तर ओढ्यातल्या दगडासारखी लागते. आतून लोकरीचे गाद्यांसारखे पट शिवून टांगू का? बाहेरून करायला मला लाकूड लागेल आणि शिडी लागेल, आणि उलकानअक्कांचे यजमान सोडले तर माणूसही नाही.

आबा जेवतात. खोकतात. तुम्हाला काही सांगू का विचारलं तर म्हणतात, "काही नाही." मग थोड्या वेळाने, "त्याला विचार, तिथे त्याला दोरी बांधतात ना वर चढताना?"

शारकान


आत-बाशी, नोव्हेंबर

पेरीच्या बाबांना,

दुसरा कागद मिळाला. 'भिंतीला आतून नको. भिंत घामेजेल, माती सुटेल. बाहेरून लाव. यंदा उत्तरेची तेवढी कर. दोरी बांधतात.' शेवटचे दोन शब्द आबांनी स्वतः वाचले, चष्मा लावून.

उत्तरेची केली. लाकडी चौकट, मधे लोकर, वरून बोरूच्या चटया आणि मातीचा गिलावा. गिलावा वाळायच्या आत पहिलं बर्फ पडेल की काय, म्हणून जीव टांगणीला लागला होता. वाळला.

आज लिहायचं आहे ते वेगळंच. तुम्ही बसून वाचा.

चूल नव्याने बांधायला मी मुकाशला बोलावलं. तोच, ज्याच्या बापाने आपली जुनी चूल बांधली होती. त्याला म्हटलं, घर आता घट्ट होत चाललंय, तेव्हा चूल मला पारखून हवी. तो म्हणाला, "बरोबर आहे, वहिनी. घट्ट घरात चूल रुसली तर..." आणि विटा काढायला लागला. आबा दारात बसले होते. भिंतीतली धुराची मधली नळी उघडल्यावर मुकाश थांबला आणि हात घालून त्याने एक अर्धी वीट बाहेर काढली. नळीत आडवी पडलेली होती. अंगभर काजळी.

आबा उठून उभेच राहिले. "बघ! बघ सुनबाई! झडप नव्हती, वीट होती! धूर हिनं अडवला! लिही त्याला, आत्ताच्या आत्ता लिही!"

मुकाश वीट हातात फिरवत म्हणाला, "आबा, असेलही. पण ही तेव्हाच पडली होती की नंतर पडली, ते मी कसं सांगू? त्यानंतरही चूल पेटलीच ना इथे. काजळी तेव्हाचीही असेल, नंतरचीही असेल."

"तुला कुणी विचारलं?" आबा कडाडले. एवढा आवाज त्यांच्या छातीत उरला असेल असं मला वाटलं नव्हतं. "तू विटा रच!"

मुकाशने मान खाली घालून विटा रचल्या. तो गेल्यावर आबा मला कागद घेऊन बसवायला लागले. "लिही. एसेनाली, मुकाशने छातीवर हात ठेवून सांगितलंय, की दोष त्या विटेचा होता. घरी ये. लिहिलंस?"

"आबा, तो असं म्हणाला नाही."

"मी म्हणतोय ना!"

"मग तुमच्या नावाने लिहा."

"मला लिहिता येत असतं तर तुझी मनधरणी केली असती?" येतं त्यांना. हात थरथरतो म्हणून लिहीत नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हातच्या शेवया खाल्ल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले. भांडी घासून मी जवळ गेले तेव्हा भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणाले, "झडप लावायला त्याला मीच शिकवलं. एवढासा होता. स्टुलावर चढून लावायचा आणि माझ्याकडे बघायचा, शाबासकी द्यावी म्हणून."

तर मी जसं आहे तसं लिहिते. वीट होती. ती कधी पडली हे कुणालाच ठाऊक नाही आणि आता कधी कळणारही नाही. झडप लागलेली होती हेही खरं. तुम्ही ती का लावलीत ते मला ठाऊक आहे. मेंढी व्यायला झाली होती, तुम्ही रात्रभर गोठ्यात बसणार होतात, पलीकडच्या खोलीत आबा झोपले होते, आणि इकडे एकटी झोपलेली पेरी गारठू नये म्हणून तुम्ही जाता जाता झडप लावलीत. मी त्या दिवशी नारिनला आजारी आईच्या उशाशी नसते, घरी असते, तर मीच तुम्हाला सांगितलं असतं, जाताना झडप लावून जा. सगळ्या गावातल्या बायका सांगतात तसं.

गावात तुम्हाला कुणी दोष देत नाही. मी देत नाही. हे तुम्हाला पुरणार नाही हेही मला कळतं.

नव्या चुलीला झडप ठेवलेली नाही. मुकाश म्हणाला, "वहिनी, अशी चूल मी आजवर बांधली नाही. कोळसा पाण्यासारखा जाईल." मी म्हटलं, बघू.

शारकान


आत-बाशी, जानेवारी

पेरीच्या बाबांना,

यंदा थंडी अशी पडली आहे की गोठ्यात मेंढ्यांच्या पापण्या चिकटतात. शाळा बंद आहे. खांबावरची तार मधेच तुटली, दोन दिवस वीज नव्हती.

आणि आबा घरात सदऱ्यावर बसतात! कोट खुंटीला. परवा म्हणाले, "सुनबाई, जरा दार उघड, मला घाम फुटलाय." मी दार उघडलं नाही, पण आतल्या आत हसू आलं ते आवरेना.

तुम्ही छप्पर पाहायला हवं होतं. मोठं बर्फ पडून गेल्यावर दोन दिवसांनी उलकानअक्का अंगणातून ओरडल्या, "शारकान, बाहेर ये, तुझ्या घराला काय झालंय बघ!" बाहेर येऊन पाहते तर बसायच्या खोलीवरचं बर्फ जसंच्या तसं, पांढरं, फुगलेलं. आणि मागच्या खोलीवर, जिथे लोकर नाही तिथे, पत्रा काळा दिसत होता, कडेला हातभर लांब बर्फाचे सुळे लटकत होते. खालून निघून जाणारी ऊब बर्फ वितळवत होती. अक्का वळून आपल्या छपराकडे बघायला लागल्या. त्यांचं सगळं काळं. मग शेजारच्यांचं बघितलं. तेही काळं. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं आकाश तापवत होते तर." त्या दिवसापासून कसरीचं नाव नाही. गावातल्या बायका येऊन मान वर करून आपलं छप्पर बघून जातात. मागच्या खोलीची लोकर मी याच महिन्यात चढवली, बोटं बधिर होईपर्यंत.

झडप नाही, झरोका बोटभर उघडा असतो, तरी सकाळी उठल्यावर भिंतीला पाठ लावावीशी वाटते. कोळशाचा ढीग गेल्या वर्षी या दिवसांत निम्म्याखाली गेला होता. यंदा निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. मुकाश स्वतः येऊन ढीग बघून गेला आणि चहा पिऊन गेला. आबांचा कफ सुटलाय. डॉक्टरीण छातीला नळी लावून दोनदा ऐकत राहिली, तिचा विश्वास बसेना. अंगण ओलांडून ते आता उलकानअक्कांच्या यजमानांकडे पत्ते खेळायला जातात आणि हरून येतात.

तेव्हा अक्कांना आता मी सांगते, परवडलं.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगत नाही, तुम्हाला सांगते. गेल्या हिवाळ्यात मी थंडीने रात्र रात्र जागी असायचे, झोप लागलीच तर दगडासारखी. आता ऊब आहे, म्हणून झोप लागते, आणि झोप लागली की ती येते. चुलीपाशी बसून मोजे काढते आणि मला म्हणते, "आई, पाय बघ, गरम आहेत." मी उठते तेव्हा खोली खरोखरच गरम असते. ज्या खोलीत ती गारठू नये म्हणून तुम्ही एवढं केलंत, ती खोली आता गारठत नाही.

पुढच्या महिन्यात तिचं वर्ष. आबांनी मेंढा ठरवलाय, मौलवींना सांगितलंय. लहान मुलाचं वर्ष एवढं मोठं करत नाहीत असं कुणी म्हणालं, तर आबांनी त्याला काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. तुम्ही या असं मी लिहीत नाही. महिन्याचा शेवटचा शुक्रवार आहे, एवढंच कळवते.

शारकान


आत-बाशी, मार्च

पेरीच्या बाबांना,

तुम्ही आलात. आता तुम्ही गेलात. जे तुमच्या डोळ्यांसमोर झालं ते तुम्हालाच काय लिहायचं, असं वाटलं होतं. पण तुम्ही इथे असताना आपण दोघं बोललोच किती?

नारिनच्या गाडीतून उतरून तुम्ही अंगणात आलात तेव्हा मी बोर्सोक तळत होते, हात पिठाचे. दारात येण्याऐवजी तुम्ही उत्तरेच्या भिंतीकडे गेलात. अंगठ्याने दाबून पाहिलंत. वर्षभरानंतरचा तुमचा पहिला शब्द: "कोपरा उघडा राहिलाय."

मी म्हटलं, "शिडी पुरली नाही."

तुम्ही पिशवी बर्फात ठेवलीत, अक्कांची शिडी आणलीत, ती एका पेटीवर उभी केलीत आणि चढून तो कोपरा लोकर भरून बंद केलात. आबा दारात टोपी धरून उभे होते. दोरी नव्हती बांधलेली, म्हणून खालून शिडी धरायला धावले. खाली उतरल्यावर त्यांनी तुमची बाही धरली ती जेवायला बसेपर्यंत सोडली नाही.

आत आल्यावर तुम्ही धुराड्याकडे बघितलंत. मी म्हटलं, "झडप नाही त्याला." तुम्ही मान हलवलीत. चहाची वाटी हातात घेतलीत. म्हणालात, "ऊब आहे." तुमच्या कपाळावर घाम आला होता आणि ओठ पांढरे पडले होते. वाटी तशीच ठेवून तुम्ही म्हणालात, मेंढ्या बघून येतो.

सकाळी मी गोठ्यात गेले तर दोन मेंढ्यांच्या मधे तुम्ही कोट गुंडाळून झोपला होतात. कॉलरवर दव गोठलेलं. मी उभी राहिले. कोकरू तुमच्या हाताला ढुशा देत होतं. मी तशीच परत फिरले आणि मेंढा कापायच्या तयारीला लागले.

त्याच दिवशी अंधार पडायला लागला तसे आबा उठले, आपली गोधडी खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "मी त्याच्याकडे जातो."

"आबा, तुमची छाती!"

"छाती माझी आहे," म्हणाले आणि गेले.

मी मागून आणखी एक गोधडी घेऊन गेले होते. गोठ्याच्या दारापर्यंत. आतून तुमचा आवाज आला. तुम्ही बोलत होतात. वर्षभरात कुणाशी बोलला नसाल इतकं बोलत होतात, आणि आबा नुसतं "हं, हं" करत होते. काय बोलत होतात ते मी ऐकलं नाही. गोधडी दाराबाहेर ठेवली आणि घरी आले. घर तापलेलं होतं. मी एकटी त्यात बसले.

शुक्रवारी सगळं गाव जेवलं. मौलवींनी दुवा म्हटली. तुम्ही अंगणातच पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालत राहिलात.

गाडीपाशी तुम्ही मला म्हणालात, "घरात मला श्वास घेता येत नाही, शारकान."

मी म्हटलं, "झरोका उघडा असतो."

"माहीत आहे," तुम्ही म्हणालात. "झरोका उघडा आहे, झडप नाही, सगळं माहीत आहे."

मग गाडी सुटली. मला वाईट वाटलं ते तुम्ही गेल्याचं नाही. वर्षभर मी जे काही करत होते, ते या घरात तुम्हाला परत झोप लागावी म्हणूनही करत होते. हे मी आबांना सांगितलं नव्हतं, स्वतःलाही सांगितलं नव्हतं. घर आबांसाठी म्हणून करत होते ना! तुम्ही गोठ्यात झोपलात त्या सकाळी कळलं. लोकरीने जेवढं होणार होतं तेवढं झालं. त्याच्यापुढे तिच्याने होत नाही.

आबांना गोठ्यात झोपून खोकला झाला नाही. डॉक्टरीण म्हणते, म्हातारा लोखंडाचा निघाला.

शारकान


आत-बाशी, एप्रिल

पेरीच्या बाबांना,

हे पत्र आबाच घेऊन येतायत. तुम्हाला फोनवर त्यांनी काय सांगितलं असेल ते असो, माझ्याकडून ऐका.

तुम्ही गेल्यापासून त्यांचं कशात लक्ष नव्हतं. मग एक दिवस पत्ते खेळून आले, या खेपेला जिंकून, आणि म्हणाले, "सुनबाई, मी एसेनालीकडे जातो. राहायला."

मला वाटलं थट्टा करतायत. "तिथे? आबा, तिथे एका खोलीत चौघं झोपतात असं तिलेक सांगतो."

"मग पाचवा मी. तो या घरात येऊ शकत नाही, तू बघितलंस. घर मला उचलून नेता येत नाही. मी मला नेऊ शकतो."

"तुम्हाला तिथली हवा सोसेल? तिथलं अन्न?"

"गोठ्यात मी त्याच्याजवळ झोपलो तर मला सोसलं ना? आणि तो झोपला, सुनबाई. मी शेजारी होतो तर तो झोपला. बापाला आणखी काय हवं?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "झडप लावायला शिकवलं ते मी. आता शेजारी बसायचं तेही मीच. तू तुझ्या वाट्याचं केलंस."

मी भांडले. ओरडले. गेल्या वर्षी तुम्ही कुंपणापर्यंत चालू शकत नव्हता, तुम्हाला कुणी उभं केलं, असंही म्हणाले. सासऱ्याला असं बोलतात का? बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तू उभं केलंस. म्हणून तर जाता येतंय."

डॉक्टरणीने तपासलं, जायला हरकत नाही म्हणाली. ती नाही म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं, हे तुम्हाला लिहिते, त्यांना सांगू नका.

तर आता ऐका. त्यांना खिडकीखाली झोपवू नका, खाली ओलावा असतो. आतल्या भिंतीला टेकून जागा करा. चहात दूध आणि मीठ घालतात ते तुम्हाला ठाऊक आहे, पण आता साखरही मागतात, एकाहून जास्त चमचा देऊ नका. पत्त्यांत हरू द्या, फार जिंकले तर गर्वाने जेवत नाहीत. तुम्ही कामावर चढता ते त्यांना बघायला नेऊ नका. नाही म्हटलं तरी ते येतील, म्हणून दोरी बांधलेली त्यांना दाखवा. खोकला सुरू झाला तर वाट बघू नका. त्यांच्या पिशवीत लोकरीचा एक पट शिवून ठेवला आहे, पाठीशी घालायला. दाबून ठेवावा लागला पिशवीत. तिथे नेल्यावर झटकून मोकळा करा, परत फुगेल.

तुम्ही परत या असं मी लिहीत नाही आणि येऊ नका असंही नाही. तुमची वाट बघण्याची माझी सवय एकदा मोडली की मोडली, असं समजा. माहेरी आई म्हणते ये. आत्ता तरी जात नाही. उलकानअक्कांचं छप्पर उन्हाळ्यात करायचंय, त्यांच्या मागे आणखी घरं उभी आहेत, आणि वरच्या आळीतल्या बायका लोकर टाकायच्या ऐवजी आता पोती भरून माझ्या अंगणात आणून टाकतात. दिवस भरलेला असेल. संध्याकाळचं मला माहीत नाही.

आबा अंगणात आहेत. मेंढ्यांना एकेकीला काहीतरी सांगतायत. आता ओरडतायत, "संपलं का तुझं लिहून? ड्रायव्हर भोंगा वाजवतोय!" भोंगा मी ऐकतेच आहे. तो बराच वेळ वाजतोय.

त्यांना गाडीत बसवते आणि घरात येते. आज चूल पेटवायची गरज नाही. सकाळी पेटवली होती, घर आता दुसऱ्या दिवसापर्यंत तापलेलं राहतं. आत कुणी असो, नसो.

शारकान